करिअर मेळावा आणि स्टाफरूम: कोल्हापुरातल्या अनुभवावरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोल्हापूर शहरालगतच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयात शिकवता. या वर्षी प्लेसमेंट सेल, म्हणजे मुलांना नोकरी मिळवून देण्याचं काम, तुमच्याकडे आला. प्राचार्यांना जानेवारीत मोठा करिअर मेळावा हवा आहे, त्यांनी चाळीस कंपन्यांचा आकडाही सांगून टाकला आहे. आणि स्टाफरूममध्ये तुमच्या कानावर येतंय, "सरांचा मेळावा आला, आता दोन दिवस आपली हमाली." मेळावा यशस्वी कसा करायचा आणि सहकाऱ्यांना त्याची किंमत कशी वाटेल, असं तुम्ही विचारलंत.

मी अशाच एका महाविद्यालयात चौदा वर्षं हे काम केलं. तुम्ही दोन प्रश्न म्हणून जे लिहिलंय, ते माझ्या मते एकच आहे. "सरांचा मेळावा" या दोन शब्दांतच अडचण आहे. मेळावा तुमचा आहे किंवा प्राचार्यांचा आहे, असं जोवर सहकाऱ्यांना वाटतं तोवर ते खुर्च्या मांडतील, सही करतील आणि घरी जातील. त्यात त्यांच्या वर्गातली, त्यांनी तीन वर्षं नावानिशी ओळखलेली पोरं दिसायला लागली, की तीच माणसं रविवारी फोन करून मेळाव्याचं विचारतात.

आधी एक सांगते. मी सांगतेय ते साध्या पदवी महाविद्यालयाला लागू पडेल. अभियांत्रिकीचं गणित वेगळं असतं, तिथे कंपन्या स्वतःहून तारखा मागतात. तुमच्याकडे मुली किती, खेड्यातून येणारी मुलं किती, संस्थाचालक वेळ आणि पैसा किती देतात, यावरही बरंच अवलंबून आहे. त्यामुळे पद्धत उचलण्याआधी त्यामागचं कारण तुमच्याकडे लागू होतं का ते बघा.

माझा पहिला मेळावा मी कंपन्यांपासून सुरू केला आणि तिथेच चुकले. सत्तावीस कंपन्यांची यादी केली, पत्रं पाठवली, मोठा मंडप घातला. उद्घाटन दहाचं होतं, ते साडेअकराला सुरू झालं आणि दीड तास चाललं. एका फौंड्रीचे, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे, एचआर शिफ्टचं काम सोडून आले होते. त्यांनी दोन मुलांशी बोलून जेवणाआधीच निरोप घेतला. सहाशेवर मुलांनी नोंदणी केली होती. फोटो उत्तम आले, वर्तमानपत्रात बातमीही आली. पुढच्या महिन्यात वाणिज्य विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी मला सरळ विचारलं, "किती पोरं लागली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवस फोन करत बसले तेव्हा कळलं, अकरा जण रुजू झाले होते आणि त्यातले चार जण सोडूनही आले होते. सरांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि हिशेब माझ्याकडे असायला हवा होता.

पुढच्या वर्षी मी कंपन्यांची यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक विभागात जाऊन बसले. बैठक बोलावली नाही, त्यांच्या केबिनमध्ये गेले. एकच प्रश्न विचारला: तुमच्या शेवटच्या वर्षात अशी कोण मुलं आहेत, ज्यांना या जूनपासून पगाराची गरज आहे? हा प्रश्न विचारला की चित्र बदलतं. "आमची पोरं हुशार आहेत" अशी मोघम उत्तरं बंद होतात. वडील वारलेला मुलगा, सकाळी दुधाच्या धारा काढून कॉलेजला येणारी मुलगी, एमएस्सीला जायची ऐपत नसलेली मुलगी, अशी नावं येतात. सगळ्या विभागांतून अशी साधारण दीडशे नावं निघाली. मेळावा त्या दीडशे जणांसाठी करायचा असं ठरलं. बाकीच्यांना दार बंद नव्हतं, पण तयारी या मुलांना धरून केली.

मग कामं कुठे आहेत ते बघायचं. इथे कोल्हापूरचं नशीब चांगलं आहे, फक्त आपल्या कला-विज्ञानाच्या लोकांचं तिकडे लक्ष गेलेलं नसतं. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, या औद्योगिक वसाहती म्हटलं की आपल्याला वाटतं, हे आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांचं. रसायनशास्त्राच्या मॅडमना मी एकदा एका फौंड्रीत घेऊन गेले. तिथल्या लॅबमध्ये वितळलेल्या लोखंडाचा नमुना स्पेक्ट्रोवर तपासतात. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती आहे ते बघून भट्टीवर कळवतात. वाळूची ओल आणि ताकद तपासायला सँड टेस्टिंग वेगळं असतं. मॅडम तिथेच म्हणाल्या, "हे तर आमच्या बीएस्सीच्या पोरी डोळे मिटून करतील." दूध संघात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासायला माणसं लागतात, साखर कारखान्यात गळीत हंगामात लॅब केमिस्ट लागतात, इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये रंगाच्या लॅबला लागतात. त्या दिवसापासून मॅडमनी मेळावा आपला मानला. मी त्यांना एक शब्दही पटवून सांगितला नव्हता, त्यांना जागा दाखवली होती एवढंच.

वाणिज्यच्या मुलांना सीएची ऑफिसं, पतसंस्था, सहकारी बँका, आणि वसाहतींमधल्या शेकडो लहान कंपन्यांची बिलिंग, स्टोअर, डिस्पॅचची कामं आहेत. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटीचं विवरणपत्र नीट येणाऱ्या मुलाला इथे काम शोधत फिरावं लागत नाही. कलाशाखेचं अवघड जातं, हे मी लपवणार नाही. रुग्णालयांचे स्वागतकक्ष, हॉटेलं, विमा, शाळांची कार्यालयं, दुकानांच्या साखळ्या इथे जागा असतात, पण पगार कमी आणि मुलांची ओढ स्पर्धा परीक्षांकडे. तिथे मी नोकरीबरोबर मार्गदर्शनाचं एक वेगळं दालन ठेवायची. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला आधीच सांगितलं तर त्यांची माणसं येतात, शासनाच्या पोर्टलवर मुलांची नोंदणीही तिथल्या तिथे होते.

कंपनीला पत्र पाठवून भागत नाही. स्वतः जा, आणि विभागातलं एखादं माणूस बरोबर घेऊन जा. एचआरला "तुमच्याकडे व्हेकन्सी आहेत का" असं विचारलं की उत्तर येतं "मॅडम, कळवतो." त्याऐवजी विचारा, "गेल्या सहा महिन्यांत कुठली जागा भरायला तुम्हाला जड गेलं?" मग माणूस मोकळेपणाने बोलतो. दुसरी किल्ली शिकाऊ उमेदवारांची. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 सालचा आहे, आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. साधे पदवीधरही त्यात बसू शकतात, हे बऱ्याच लहान उद्योजकांच्या लक्षात नसतं. त्यांची कायद्याची गरज आणि आपल्या मुलाची पहिली संधी तिथे जुळते.

पैसे मागणाऱ्यांना मात्र दारातच थांबवा. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, कुठल्याही नावाने मुलांकडून पैसे घेणार असतील तर यायचं नाही, हे मी लेखी घ्यायची. नवी एजन्सी असेल तर पत्त्यावर जाऊन यायची. एका वर्षी असंच गेले तर सांगितलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं.

पगाराचा आकडाही विचारून घ्या. "दोन लाख चाळीस हजारांचं पॅकेज" म्हणजे महिन्याला वीस हजार असं मूल घरी सांगतं. प्रत्यक्षात त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विम्याचा हप्ता) धरलेला असतो. उरलेल्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ मूळ पगाराच्या 12 टक्के आणि ईएसआयसी 0.75 टक्के कापला जातो, व्यवसाय कर जातो, आणि हातात पंधरा हजारांच्या आसपास पडतात. पहिल्या पगाराच्या दिवशी मुलाला फसवल्यासारखं वाटतं, महिन्याभरात ते नोकरी सोडतं, आणि कंपनी पुढच्या वर्षी तुमच्याकडे येत नाही. म्हणून प्रत्येक कंपनीच्या दालनाबाहेर "हातात येणारा पगार" असा कागद लावायला सांगा. काही कंपन्या कां-कू करतात. करू देत, कागद लावल्याशिवाय मुलांना आत सोडू नका.

तारखेचं म्हणाल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य मला सगळ्यांत सोयीचा वाटत आला. आधी हिवाळी परीक्षा असतात, मार्चमध्ये अकाउंट्सवाली माणसं वर्षअखेरीत अडकतात आणि आपल्याही परीक्षा येतात. स्नेहसंमेलन आणि एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) शिबिर याच काळात असतं, त्या दोन्ही प्रमुखांशी तारीख ठरवण्याआधी बोला. नाहीतर पहिलं भांडण तिथेच होतं. जुलै-ऑगस्टचा विचार कुणी सुचवला तर नको म्हणा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे, आणि पाणी तिकडे चढायला लागलं की गगनबावडा, पन्हाळा, शिरोळकडच्या मुलांना कॉलेज गाठता येत नाही.

आता मुलींबद्दल, कारण तुमच्याकडे त्या निम्म्याहून जास्त असतील असा माझा अंदाज आहे आणि मेळाव्यात निवड होऊनही रुजू न होणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असते. कारण क्वचितच पगाराचं असतं. कारण रस्त्याचं असतं. राधानगरी किंवा भुदरगडकडच्या गावातून येणारी मुलगी सकाळी एसटीच्या पासवर कॉलेजला येते. कागलची कंपनी तिला दुसऱ्या पाळीला बोलावणार असेल तर रात्री परत जायला एसटीही नाही आणि वडाप, म्हणजे शेअर जीपही नाही. मुलाखतीत ती हे बोलत नाही, हो म्हणून येते, आणि घरी गेल्यावर वडील नाही म्हणतात. यात कुणाचाच दोष नसतो. आम्ही तीन गोष्टी केल्या. कंपनीला आधीच विचारलं की बस कुठल्या मार्गावर आहे आणि मुलींना कुठली पाळी. ती माहिती मेळाव्याच्या आठवडाभर आधी मुलींना दिली. आणि पालकांना बोलावलं. मेळाव्याच्या दिवशी दुपारी एक तास पालकांचा ठेवला, त्यात कंपनीची एखादी महिला अधिकारी आणि आधीच्या बॅचची, तिथे काम करणारी मुलगी बोलायची. एका वडिलांनी त्या मुलीला विचारलं, "बाई, रात्री उशीर झाला तर कोण सोडतं?" तिने बसच्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं, तो कुठल्या गावचा तेही सांगितलं. त्यांची मुलगी सोमवारी रुजू झाली. मी दहा भाषणं केली असती तरी हे झालं नसतं.

तयारीचं थोडक्यात सांगते, कारण यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एक पानाचा बायोडेटा, चालू असलेला मोबाईल नंबर, मूळ कागदपत्रांची फाईल, आणि पंधरा दिवस आधी सरावाच्या मुलाखती. इथल्या बऱ्याच कंपन्या मुलाखत मराठीत घेतात. हे आधी विचारून मुलांना सांगितलं तर निम्मी भीती तिथेच जाते. सरावाच्या मुलाखती मात्र मी कधी एकटीने घेतल्या नाहीत, ज्या त्या विभागाच्या शिक्षकांनी घेतल्या. त्याचं कारण पुढे येतं.

मेळाव्याच्या दिवशी उद्घाटन पंधरा मिनिटांत उरका. पाहुण्यांचा मान कमी होतो असं कुणाला वाटलं तर पाहुण्यांना मुलाखतींच्या दालनांमधून फिरवा, त्यांना ते जास्त आवडतं. मंडपातल्या स्टॉलपेक्षा प्रत्येक कंपनीला वर्गखोली द्या, बाहेर टोकन द्या, एचआरना वेळेवर गरम जेवण द्या. मुलींच्या स्वच्छतागृहाची सकाळीच स्वतः पाहणी करा.

सहकाऱ्यांबद्दल आता सविस्तर लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातली खरी कळ तिथे आहे असं मला वाटतं. तुम्हाला दुखतंय, ते मी समजू शकते. मलाही पहिल्या वर्षी दुखलं होतं. पण सहकाऱ्यांच्या बाजूने बघा. त्यांचे तास बुडतात, अभ्यासक्रम मागे पडतो, प्रॅक्टिकल पुढे ढकलावी लागतात. त्यांना काम मिळतं ते स्वागत समितीचं नाहीतर बैठक व्यवस्थेचं. आणि टाळ्या मिळतात त्या समन्वयकाला. यात आनंदाने राबावं असं काय आहे?

म्हणून मी वाटणी बदलली. प्रत्येक विभागातून एक संपर्क शिक्षक घेतला. तो प्राचार्यांनी नेमलेला नसून स्वतः तयार झालेला असेल, असं बघितलं. त्याला निर्णय दिला: तुमच्या विभागासाठी कुठल्या कंपन्या यायच्या, कुठली मुलं कुठे पाठवायची, हे तुम्ही ठरवा. सरावाच्या मुलाखती त्यांनीच घेतल्यामुळे झालं असं, की निकालाच्या वेळी ते दालनाबाहेर उभे असायचे. मूल बाहेर आलं की "काय विचारलं?" हा पहिला प्रश्न त्यांचाच. मेळावा शनिवारी ठेवला, त्यामुळे तास कमी बुडाले. जे बुडाले त्यांचं भरपाईचं वेळापत्रक मी मेळाव्याआधीच नोटीस बोर्डावर लावलं. "किती पोरं लागली" विचारणाऱ्या त्या सरांचा मुख्य आक्षेप तासांचाच होता. ते वेळापत्रक बघून त्यांनी काहीच म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पाच मुलांची नावं एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवली.

श्रेयाचं वाटप लेखी करा. व्यासपीठावरून "सर्वांचे आभार" म्हणणं म्हणजे कुणाचेच नाहीत. मी प्राचार्यांच्या सहीचं पत्र प्रत्येकाला द्यायची, आणि त्यात नेमकं काम लिहायची: अमुक विभागाच्या बत्तीस विद्यार्थ्यांच्या सरावाच्या मुलाखती घेतल्या, अमुक चार कंपन्यांशी संपर्क केला. पदोन्नतीच्या फाईलला असं पत्र उपयोगी पडतं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला विद्यार्थ्यांच्या नोकरीचा पुरावा लागतो, तो गोळा करायला हेच लोक मग आनंदाने मदत करतात. शिपाई, लॅब असिस्टंट, लाईटचं बघणारे मामा, कार्यालयातल्या क्लार्क मॅडम, यांनाही तसंच पत्र द्या, त्यांच्या नावाचं. आमच्याकडच्या एका मामांनी ते पत्र फ्रेम करून घरी लावलं आहे. ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले तेव्हा पाहिलं.

आणि निकाल विभागाला आधी सांगा. कुणाची निवड झाली ही बातमी सोशल मीडियावर टाकण्याआधी त्या मुलाच्या शिक्षकाला फोन करा, मुलाला अभिनंदनाचा फोन त्यांना करू द्या. हे छोटं वाटतं, पण माझ्या चौदा वर्षांत स्टाफरूम सगळ्यांत जास्त कशाने बदलली असेल तर याने.

मेळाव्यानंतरचं काम बहुतेक ठिकाणी होतच नाही. एक वही करा, संगणकावर केली तर उत्तम: नाव, विभाग, कंपनी, निवडीची तारीख, रुजू झाल्याची तारीख, हातात मिळालेला पगार, आणि तीन महिन्यांनी तिथेच आहे का. शेवटचा रकाना भरायला फोन करावे लागतात, तेही संपर्क शिक्षकांनी वाटून घ्यावेत. नोकरी सोडून आलेल्या मुलाला रागावू नका, का सोडली ते विचारा. पुढच्या वर्षी कुठल्या कंपनीला बोलवायचं नाही, ते त्यातूनच कळतं.

राहिला प्राचार्यांच्या चाळीस कंपन्यांचा आकडा. वाद घालू नका. आम्ही चौदा-पंधरा खऱ्या जागा असलेल्या कंपन्यांवर आलो तेव्हा आमचेही प्राचार्य नाराज झाले होते. मी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एकावर पहिल्या वर्षीच्या सत्तावीस कंपन्या आणि रुजू झालेली अकरा नावं. दुसऱ्यावर त्या वर्षी विभागांनी दिलेली दीडशे नावं आणि प्रत्येकासमोर एक-दोन कंपन्या, त्यांच्याकडच्या जागांसह. ते पाच मिनिटं दुसरा कागद वाचत बसले. मग त्यातल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हिचे वडील माझ्याकडे आले होते, फी माफ करा म्हणून. हिचं नक्की बघा." त्यानंतर चाळीसचा विषय निघाला नाही. तुम्हीही दुसरा कागद आधी तयार करा. त्यासाठी या आठवड्यात एका विभागाच्या केबिनमध्ये जाऊन बसलात तरी सुरुवात होईल. शक्य असेल तर ज्यांनी "हमाली" म्हटलं त्यांच्याच केबिनमध्ये जा.